पानिपतचे राखीव कापड

४ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सरकारने एक आदेश काढला आणि बावीस प्रकारचे कापड फक्त हातमागावरच विणले जाईल, असे ठरवून टाकले. आदल्याच वर्षी संसदेने हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा केला होता, त्या कायद्याची ही यादी. साडी, धोतर, लुंगी, पंचा ही नावे तीत होतीच. पण खेस, चादर, पलंगपोस, सतरंजी, बराकीत लागणारी कांबळी, शाल, लोई हीही होती. कांचीपुरम किंवा इचलकरंजीच्या माणसाने ही यादी वाचली असती तर त्याची नजर साडीवर थांबली असती. पानिपतच्या व्यापाऱ्याला मात्र ती जवळजवळ आपल्याच गुदामाची मोजदाद वाटली असती. दिल्लीच्या उत्तरेला नव्वद किलोमीटरवर असलेल्या या गावाचे पोट ज्या मालावर चालत होते, त्यातला बराचसा माल कायद्याने यंत्राला वर्ज्य झाला. राखीव मालाचा कायदा अजून रद्द झालेला नाही आणि पानिपतही त्याच मालासाठी प्रसिद्ध आहे. चादरी, सतरंज्या आणि कांबळी तिथून जगभर जातात. हातमाग मात्र तिथे आता नावापुरते उरले आहेत. कायदा जिवंत, माल जिवंत, आणि ज्याच्यासाठी कायदा केला तो विणकर दिसेनासा, असा हा प्रकार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेपासून नोकऱ्या वाचवायला सरकारने काय करावे याची चर्चा आज दिल्लीपासून पुण्यापर्यंत चालली आहे. त्या चर्चेत हा प्रकार नीट उलगडून पाहिला पाहिजे. माझ्या मते सरकारची चूक यंत्राला अडवण्यात नव्हती आणि यंत्राला वाट देण्यातही नव्हती. संरक्षण कशाला बांधायचे, हे ठरवताना ती झाली. सरकारने ते कापडाला आणि मागाला बांधले. ज्याचे काम जाणार होते त्या माणसाची नोंद कुठल्याच कागदावर झाली नाही.

मराठी वाचकाचे पानिपत १७६१ पाशी थांबते. विणकरांच्या पानिपतची गोष्ट मात्र १९४७ पासून सांगावी लागते. फाळणीपूर्वी तिथली विणाई, विशेषतः कांबळ्यांचा धंदा, मुख्यतः मुसलमान कारागिरांच्या हाती होता. त्यांनी गाव सोडून जाऊ नये म्हणून गांधीजी त्या वर्षी १० नोव्हेंबरला आणि पुन्हा २ डिसेंबरला पानिपतला गेले. ज्या माणसाने हातसूत हा राजकारणाचा विषय केला, तो आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत विणकरांच्या गावी गेला तो सुताची गोष्ट करायला नव्हे, तर लोकांनी घरे सोडू नयेत म्हणून विनवायला. त्याचा उपयोग झाला नाही. कारागीर पाकिस्तानात गेले, आणि पश्चिम पंजाबातल्या झंग-मुलतानकडून उखडलेली कुटुंबे येऊन त्यांच्या जागी बसली. त्यांच्यातही विणकर होते. खेसाची जाड दुहेरी वीण ही त्यांचीच ओळख. पानिपतच्या इतिहासातली ही पहिली मोठी कामगार-बदली कुठल्याही यंत्राने केलेली नव्हती. पण तिच्यातून एक गोष्ट कळते: माल टिकला म्हणजे माणूस टिकला असे होत नाही. कांबळी आणि खेस विणणारे गाव म्हणून पानिपत पुढेही ओळखले जाणार होते. विणणारे हात मात्र वर्षभरात बदलले होते. पुढे सरकारने जेव्हा जेव्हा मालावरून माणसाचे मोजमाप केले, तेव्हा तेव्हा याच जागी गफलत झाली.

हातमाग वाचवावा की वाचवू नये, हा वाद स्वतंत्र भारताच्या पहिल्या दहा वर्षांतच पुरता रंगला होता, आणि आजच्या पुष्कळ युक्तिवादांचे मूळ त्यातच सापडते. १९५२ साली नेमलेल्या कापड चौकशी समितीने, म्हणजे नित्यानंद कानुनगो यांच्या समितीने, १९५४ मध्ये सरळ सांगितले की हातमागांचे टप्प्याटप्प्याने यंत्रमागांत रूपांतर करावे. खास नक्षीचे कापड विणणारे थोडे माग राहतील, बाकीच्यांनी विजेवर जावे. या म्हणण्यात क्रूरपणा नव्हता. विणकर दिवसभर राबून अर्धपोटी राहतो, तेव्हा त्याच्या हाती बरे साधन द्यावे, एवढाच तिचा रोख होता. पुढच्याच वर्षी, जून १९५५ मध्ये, नियोजन आयोगाने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी दुसरी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्याकडे दिले. हे पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर. कर्वे समितीने ऑक्टोबरात अहवाल दिला तो उलट दिशेचा. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात पारंपरिक धंद्यांत आणखी तांत्रिक बेकारी शक्य तितकी होऊ द्यायची नाही, हे समितीचे पहिले उद्दिष्ट होते. त्यातून आलेली शिफारस अशी की गिरण्यांचे आणि यंत्रमागांचे उत्पादन आहे तिथे रोखावे आणि देशाला जे जास्तीचे कापड लागेल ते हातमागाने पुरवावे.

कर्व्यांचा हा अहवाल खादीभक्तीचा म्हणून डोक्यावर घेणारे आणि त्याच कारणासाठी निकालात काढणारे, दोघांनीही तो पुरता वाचलेला नसतो. सुधारलेल्या साधनाला समितीचा विरोध नव्हता. साधन सुधारावे, पण त्याचा वेग असा असावा की सुटलेल्या माणसाला दुसरे काम मिळण्याआधी पहिले जाऊ नये, असे तिचे म्हणणे होते. हा अर्थशास्त्राचा हिशेब आहे. ज्या देशात माणसे रिकामी आहेत आणि भांडवल अपुरे आहे, तिथे भांडवल खर्चून माणूस रिकामा करण्यात देशाची बचत होत नाही, फक्त मालकाची होते. आज एखादी कंपनी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे कर्मचारी काढून त्यांच्या जागी बोलणारे सॉफ्टवेअर बसवते, तेव्हाही हाच प्रश्न असतो. १९५५ ला मिळालेले उत्तर वेळेचे होते: यंत्र येऊ द्या, पण त्याच्या येण्याचा आणि माणसाच्या जाण्याचा मेळ घाला. दुर्दैव असे की सरकारने त्यातला रोखण्याचा भाग उचलला आणि मेळ घालण्याचा भाग सोडला.

रोखण्याचे उपाय आधीच सुरू झाले होते. १९५० पासून गिरण्यांना काही प्रकारची धोतरे-लुंग्या विणायला मज्जाव होता. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ झाले. १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर जादा अबकारी कर बसला आणि तो पैसा खादी-हातमागाकडे वळवला गेला. दिसायला हे सगळे गिरणी विरुद्ध हातमाग असे होते. पण दोघांच्या मध्ये तिसरा उभा होता. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत हा तिसरा वाढत होता. गिरणीला बांध घातला की पाणी हातमागाच्या शेतात जाईल असा दिल्लीचा अंदाज होता. ते यंत्रमागाच्या शेतात गेले. चार-आठ माग एका शेडमध्ये टाकायचे, कागदावर मालक वेगवेगळे दाखवायचे, दहा माणसांची मर्यादा ओलांडायची नाही, म्हणजे कारखाना कायदा लागू होत नाही. गिरणीवरचा कर नाही, गिरणीतली युनियन नाही, गिरणीतला भविष्यनिर्वाह निधीही नाही. अशोक मेहता समितीने १९६४ मध्ये यंत्रमागांची पाहणी केली. शिवरामन समितीने १९७४ मध्ये तर हिशेबच मांडला, की एक यंत्रमाग सुरू होतो तेव्हा सहा हातमाग बंद पडतात. त्यानंतर हातमागासाठी दिल्लीत स्वतंत्र विकास आयुक्त नेमला गेला, विणकर सेवा केंद्रे वाढली, आणि पानिपतलाही असे केंद्र आहे. या केंद्रांनी नमुने दिले, रंगाई शिकवली, चांगले काम केले. पण सहा हातमाग बंद पडतात म्हणजे सहा घरांचे काय होते, याची नोंद ठेवणे हे कुठल्याच कार्यालयाचे काम नव्हते.

१९८५ चा कायदा या अपयशातून आला. त्याच वर्षीच्या जूनमधल्या कापड धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यावरची क्षमतेची बंधने सैल केली, आणि बदल्यात हातमागाला कायद्याचे कुंपण दिले. कुंपण कागदावर भक्कम होते: राखीव कापड यंत्रमागावर विणणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मागामागे पाच हजारांपर्यंत दंड. लगेच खटले झाले. यंत्रमागवाल्यांचे म्हणणे होते की आमच्या धंदा करण्याच्या मूलभूत हक्कावर ही गदा आहे, आणि आम्हीही काही टाटा-बिर्ला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी १९९३ रोजी कायदा वैध ठरवला. पण मधली सात वर्षे गेली होती, आणि उद्योगाच्या भाषेत सात वर्षे म्हणजे यंत्राचे कर्ज फेडून होते. मग हातमागाच्या आढाव्यासाठी मीरा सेठ समिती आली आणि जुलै १९९६ च्या आदेशाने बावीसची यादी अकरावर आली. त्या अकरांत खेस, चादर, पडद्याचे आणि फर्निचरचे कापड, सतरंजी, बराकीची कांबळी राहिलीच. म्हणजे पानिपतच्या बाजूने पाहिले तर कपातीनंतरही संरक्षण जवळपास पूर्ण होते. आणि नेमकी तीच वर्षे पानिपतात यंत्रमाग झपाट्याने वाढण्याची होती.

असे का झाले, याचे उत्तर ‘अंमलबजावणी झाली नाही’ एवढेच दिले जाते, आणि ते अर्धवट आहे. निरीक्षक कमी होते हे खरे. बंद शेडच्या आत कुठल्या मागावर काय चालले आहे हे ओळखायला निरीक्षकाला विणकाम यावे लागते, हेही खरे. पण खोलवरचे कारण कायद्याच्या रचनेत होते. राखीव वस्तूची व्याख्या धागा, वीण, मापे यांनी करावी लागे. व्याख्या जितकी नेमकी तितकी तिच्या शेजारून जाणारी वाट सोपी. सुताऐवजी कृत्रिम धागा घाला, वीण थोडी बदला, वस्तू यादीच्या बाहेर. पानिपतने पुढे याहून मोठी उडी घेतली. इथे आयात केलेल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचे सूत काढण्याचा, ज्याला शॉडी म्हणतात तो, धंदा अनेक दशके वाढला होता. इटलीतल्या प्रातो गावातून आलेल्या जुन्या यंत्रांवर तो उभा राहिला आणि पूर-भूकंपात वाटली जाणारी करडी कांबळी जगाला पुरवू लागला. २०१० नंतरच्या काही वर्षांत पॉलिएस्टरच्या मऊ, रंगीत, ‘मिंक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कांबळ्यांनी त्यालाही मागे टाकले. हे मिंक कांबळे विणलेलेच नसते. ते गुंफाईच्या यंत्रावर तयार होते, तिथे ताणा-बाणा नाही, धोटा नाही. हातमाग आणि यंत्रमाग यांच्यात सीमा आखणाऱ्या कायद्याला असे यंत्र दिसतच नाही, कारण तो माग नाही. १९८५ ला कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचले नाही म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. यंत्राच्या नावावर बेतलेला कायदा नेहमी मागच्या यंत्राशी लढतो. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या नावावर उद्या कुणी बंदीचा कायदा बेतला तर त्याचे आयुष्य याहून कमी असेल. मागाला निदान चार पाय होते, इथे एक अद्ययावत आवृत्ती आली की व्याख्या शिळी होते.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. १ एप्रिल १९९९ पासून त्याच केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली. नवीन यंत्रे घ्यायला काढलेल्या कर्जाच्या व्याजातले पाच टक्के सरकार भरणार होते. वेगवेगळ्या रूपांत ही योजना मार्च २०२२ पर्यंत चालली. बिनधोट्याचे, शटललेस म्हणतात ते, वेगवान माग देशभर आणि पानिपतातही आले त्यामागे ही मदत होती. एका इमारतीत हातमागाचा आयुक्त राखीव मालाची यादी सांभाळत होता, त्याच मंत्रालयाचा दुसरा विभाग ती यादी निरुपयोगी करणाऱ्या यंत्राचे व्याज भरत होता. यात लबाडी नव्हती, दोन्ही धोरणे आपापल्या परीने समर्थनीय होती. जागतिक बाजारात चीन आणि तुर्कस्तान यांच्याशी टक्कर द्यायची तर नवे माग हवेतच. पण मदतीचा हिशेब यंत्राच्या किमतीवर होता. त्या यंत्रामुळे ज्यांचे काम जाईल त्यांचे पुढे काय, हा प्रश्न कर्जाच्या फायलीत कुठे बसत नव्हता. यंत्राची बाजू घ्यायला सरकारकडे रोख रक्कम होती, माणसाची बाजू घ्यायला वस्तूंची यादी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पानिपतात बेकारी माजली का? उलट गाव वाढले, नवे औद्योगिक भाग वसले, निर्यात हजारो कोटींत गेली, देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक कामाला आले. सोलापूरचे चादरवाले तर तक्रार करतात की पानिपतची स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपते. म्हणजे पानिपतच्या यंत्राचा धाक महाराष्ट्रापर्यंत पोचला. मग यंत्राने काम खाल्ले म्हणायचे कसे? मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. गावातले एकूण काम कमी झाले नाही, कदाचित वाढलेच. पण ‘गावातले काम’ आणि ‘विणकराचे काम’ या दोन गोष्टी आहेत. हातमागावर बसणारा कारागीर, तो फाळणीनंतर आलेल्या कुटुंबातला असो की पुढे उत्तर प्रदेश, बिहार, बंगालहून आलेला, आपल्या कसबाच्या जोरावर थोडी तरी घासाघीस करू शके. यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याच्यासारखाच माणूस ठेकेदाराच्या हाताखाली मीटरमागे किंवा नगामागे मजुरीवर, बारा-बारा तासांच्या पाळीत उभा राहिला. त्याचे नाव हजेरीपटावर असेलच असे नाही. कसबाची किंमत उतरली आणि मालकाची निवड रुंदावली, कारण यंत्रमाग शिकायला महिने पुरतात, पंजा सतरंजीतल्या नक्षीला वर्षे लागतात. देशाचे आकडेही याच दिशेचे आहेत: २००९-१० च्या हातमाग गणनेत ४३.३१ लाख कामगार, २०१९-२० च्या गणनेत ३५.२२ लाख. जे उरले त्यांत सुमारे बहात्तर टक्के स्त्रिया, आणि त्यांचा मोठा भाग आसाम आणि ईशान्येकडे, जिथे मेखला-चादर घरच्या मागावर घरासाठीच विणली जाते. राखीव यादीमुळे त्या टिकल्या असे म्हणणारे आहेत, पण माझ्या मते त्या टिकल्या त्या पोशाखाच्या प्रथेमुळे. जिथे माल बाजारातल्या किमतीवर विकायचा होता, तिथे यादीने फार कुणाला वाचवले नाही.

राखीव यादीच्या आधीच भारतात दुसरा एक रस्ता चाचपला गेला होता, आणि तो विसरला जातो. मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराने दोनऐवजी तीन-चार माग सांभाळावेत म्हणून मालकांनी योजना आणली, त्यातून १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९५५ मध्ये कानपूरला अशाच कारणावरून ऐंशी दिवसांचा संप झाला. या भांडणांतून सरकार शिकले. १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद आली की ज्या सुधारणेमुळे कपात होण्याचा संभव आहे, ती करण्याआधी मालकाने कामगारांना एकवीस दिवसांची नोटीस द्यावी. आणि जुलै १९५७ मध्ये, गुलझारीलाल नंदा कामगारमंत्री असताना, पंधराव्या भारतीय कामगार परिषदेत मालक, कामगार आणि सरकार यांनी मिळून एक नमुना करार मान्य केला: यंत्र आणा, पण कामावर असलेल्यांना काढू नका, कामाचा बोजा तज्ज्ञांकडून मोजा, आणि फायद्यात कामगाराचा रास्त वाटा ठेवा. हा करार अनेक ठिकाणी मोडला गेला, तरी त्याने प्रश्नाचा केंद्रबिंदू हलवला. यंत्र कोणते, हे दुय्यम झाले. यंत्र येताना जागेवर असलेला माणूस कोण, हे पहिले झाले.

हा रस्ता संगणकाच्या बाबतीत पुढे नेला गेला. कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसू नये म्हणून १९६० च्या दशकात कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. त्या वातावरणात केंद्राने १९६९ मध्ये स्वयंचलनाबाबत समिती नेमली, अध्यक्ष पुन्हा पुण्याचे: गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ चा. बँकांमध्ये मात्र अहवालापेक्षा करारांनी काम केले. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये करार झाले. किती यंत्रे, कुठल्या कामाला, चालवणाऱ्याला किती विशेष भत्ता, कुणाला काढायचे नाही, हे सारे लिहून ठेवले गेले. हळूहळू बँकांचे काम खतावणीच्या वहीवरून पडद्यावर गेले, आणि त्यासाठी कारकुनांना काढून टाकले गेले नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो तो असा: बँका सरकारी होत्या, शाखा वाढत होत्या, संघटना बळकट होत्या, तोटा झाला तर करदाता होता, मग शेडमधल्या मालकाला हेच कसे सांगणार? हा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मानतो. पानिपतच्या ठेकेदाराकडे १९५७ चा नमुना करार घेऊन कुणी गेले असते तर तो हसला असता, आणि त्याला हसण्याचे कारण होते: करार करायला समोर नोंद असलेला कामगारच नव्हता. पण म्हणूनच माझा मुद्दा बळकट होतो. करार चालला तो संघटना गोड होत्या म्हणून नव्हे. बँकेकडे प्रत्येकाचे नाव, पद, पगार, सेवाज्येष्ठता लिहिलेली होती, म्हणून ‘याला काढायचे नाही’ या वाक्यातल्या ‘याला’ला काही अर्थ होता. पानिपतात सरकारच्या हाती एक दांडगे हत्यार होते आणि ते वापरले गेले नाही: सरकार स्वतःच गिऱ्हाईक होते. सैन्याची, पोलिसांची, रुग्णालयांची, आपत्ती निवारणाची कांबळी आणि चादरी सरकार विकत घेत होते, हातमागाच्या मालासाठी १९८४ पासून सहकारी शिखर संस्थांचा संघही त्यासाठी होता. खरेदीच्या करारात कापड कुठल्या मागावर विणले हे विचारले जाई. विणणाऱ्याचे नाव आणि त्याला दिलेली मजुरी विचारली असती, तर तीस वर्षांत पानिपतच्या विणकरांची एक खरी नोंदवही तयार झाली असती, आणि माग बदलला तरी ती वही बदलली नसती.

हरियाणा सरकारने अलीकडे संरक्षणाचा तिसरा खुंटा शोधला तो रहिवासाचा. महिना तीस हजारांपर्यंत पगाराच्या खासगी नोकऱ्यांत पंचाहत्तर टक्के जागा राज्यातल्या उमेदवारांना, असा कायदा १५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रद्द केला. पानिपतच्या शेडमध्ये राबणारे बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, म्हणजे कायदा टिकला असता तर खरे काम करणारेच वाऱ्यावर पडले असते, किंवा ठेकेदाराने आणखी लोकांची नोंद टाळली असती. महाराष्ट्रात हीच मागणी दर काही वर्षांनी होते, म्हणून हे लक्षात ठेवलेले बरे.

आताचे चित्र काय आहे? नितीन गडकरी यांनी २०१७ साली, चालक नसलेल्या गाड्या भारतात येऊ देणार नाही असे जाहीर केले, कारण चालकांच्या नोकऱ्या. त्यांची कळकळ खरी असेल, पण विचार १९८६ च्या यादीचाच आहे. दुसरीकडे मार्च २०२४ मध्ये सरकारने दहा हजार तीनशे कोटींहून जास्त खर्चाची इंडिया एआय मोहीम मंजूर केली. म्हणजे यंत्राच्या बाजूने पुन्हा रोख रक्कम, माणसाच्या बाजूने पुन्हा भाषण, अशी जुनीच विभागणी दिसते. तरी काही गोष्टी बदलल्या आहेत आणि त्या नोंदवल्या पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १९५६ ची नोटिशीची तरतूद राहिली आहे, आणि एक नवी भर आहे: ज्या कामगाराची कपात होईल त्याच्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, ती त्या कामगाराच्या खात्यात जाणार. पंधरा दिवसांत माणूस नवे कसब शिकत नाही, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असणार. पण रक्कम यंत्राशी न जोडता माणसाशी जोडली, हे महत्त्वाचे आहे. कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा मात्र त्याच संहितेने शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली, तेव्हा हिशेब जमेच्याच बाजूने लिहिता येणार नाही.

पानिपतात हा प्रश्न आज कुठे उभा राहील, ते ठिकाण चादरींच्या शेडपेक्षा चिंध्यांच्या गुदामात जास्त आहे. तिथे बाहेरून आलेल्या गाठी फोडून बायका कपड्यांची बटणे आणि चेन कापतात, रंगाप्रमाणे आणि लोकर की पॉलिएस्टर याप्रमाणे ढीग लावतात. रंग बघून आणि बोटांनी कापड चोळून ठरवण्याचे हे काम कॅमेरा आणि अवरक्त किरणांनी करणारी यंत्रे युरोपात उभी राहिली आहेत. स्वीडनमधल्या माल्मो इथे असे मोठे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. मजुरी इतकी स्वस्त असताना असले यंत्र इथे कशाला येईल, हा आक्षेप सध्यापुरता बरोबर आहे. पण युरोपातच चिंध्या यंत्राने निवडल्या जाऊ लागल्या, तर कच्चा माल इथे निवडायला येणारच नाही, आणि यंत्र पानिपतात न येताही काम जाईल. अशा जाण्यावर नोटीस कोण देणार? इथे कपात करणारा मालकच सापडत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत तीस कोटींहून जास्त असंघटित कामगारांची नावे, वय आणि व्यवसाय नोंदले गेले आहेत. १९५५ मध्ये कर्व्यांकडे आणि १९७४ मध्ये शिवरामन यांच्याकडे नव्हते ते हे. १ ऑगस्ट २०२५ पासून रोजगाराशी जोडलेली प्रोत्साहन योजनाही चालू आहे, तीत जास्तीच्या माणसामागे मालकाला दरमहा तीन हजारांपर्यंत मिळतात. पण ते भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवर, जिथे चिंध्या निवडणारी बाई सहसा नसते. या दोन वह्या एकमेकींना जोडता येतील. वस्त्रोद्योगाला यंत्रासाठी जी पुढची मदत मिळेल तिच्या अर्जात ई-श्रम क्रमांकांची एक पुरवणी मागता येईल: आज या शेडमध्ये कोण काम करते, यंत्र आल्यावर त्यांच्यातले कोण राहील, जे जातील त्यांचे पंधराऐवजी नव्वद दिवसांचे पैसे मदतीच्या रकमेतून वळते करावेत. मालक खोटी नावे भरतील, हा आक्षेप लगेच येईल, आणि काही भरतीलही. पण खोट्या नावाला बँक खाते आणि मजुरीचा उतारा लागला, तर ते खोटे १९८६ च्या यादीतल्या खोट्या खेसापेक्षा पकडायला सोपे जाईल. हे करायला नवा कायदा लागत नाही. मंत्रालयाच्या अर्जाच्या नमुन्यात एक पान वाढवावे लागते.